फोकसरच्या नळीने निवडलेला लेथ

मला दुर्बिणीचे भाग करण्यासाठी लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून टूलने कापणारं यंत्र, हवा होता. दुर्बीण म्हटलं की लोकांना आरसे आणि भिंगं आठवतात, पण आरसा घासून, पॉलिश करून झाला की पुढचं बरंचसं काम धातूचं असतं. फोकसरची (प्रतिमा स्पष्ट करायला पुढेमागे सरकणारी) नळी, आयपीस म्हणजे डोळ्याजवळचं भिंग धरणारा ॲडॉप्टर, कॅमेरा जोडायची आटे पाडलेली रिंग, माउंटचे (दुर्बीण धरून वळवणाऱ्या बैठकीचे) बुश, शाफ्ट, काउंटरवेटचा दांडा. ही यादी आधी कागदावर होती, लेथ नंतर आला. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते 'सर्वांत चांगला लेथ कोणता' याचं उत्तर नाही. वाफेच्या इंजिनाची मॉडेलं करणाऱ्याची किंवा घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची यादी वेगळी असेल, आणि कदाचित लेथही वेगळा.

मी घेतलेला लेथ 'सेव्हन बाय फोर्टीन' या वर्गातला आहे. बेडवर, म्हणजे लेथच्या पायाच्या रुळांवर, साधारण १८० मिमी (सात इंच) व्यासाचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि त्याला टोकांनी धरणाऱ्या दोन सेंटरांमध्ये ३५० मिमी (चौदा इंच) लांबी मावते. याच घडणीचे लेथ वेगवेगळे रंग आणि वेगवेगळी नावं घेऊन विकले जातात, तेव्हा माझ्या मशीनवर कोणाची पट्टी चिकटवली आहे याला फारसा अर्थ नाही. वजन चाळीस-पंचेचाळीस किलो, मोटर ५०० वॅटची ब्रशवाली डीसी, आतमध्ये संथ आणि वेगवान असे दोन गिअर, वेग नॉबने कमीजास्त होतो. स्पिंडलला (जॉब फिरवणारा पोकळ दांडा) मोर्स टेपर ३, म्हणजे निमुळत्या भोकाचं एक प्रमाणित माप, टेलस्टॉकला (समोरच्या टोकाचा सरकता आधार) मोर्स टेपर २. सोबत ८० मिमीचा थ्री जॉ चक, म्हणजे जॉब धरणारा तीन जबड्यांचा पंजा, आला.

आता आकड्यांकडे. जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरात स्विंग (फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास) आणि लांबी लिहिलेली असते, आणि नेमके हेच दोन आकडे सर्वांत जास्त फसवे. १८० मिमी हा स्विंग बेडवरचा. क्रॉस स्लाइडवरून, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागावरून, जॉब जायचा असेल तर ११० मिमीच्या आसपास जागा उरते. म्हणजे चकाजवळ धरलेली मोठी चकती फेस करता येईल, म्हणजे तिची सपाट बाजू कापता येईल, पण त्याच व्यासाची लांब नळी बाहेरून टर्न करायला, म्हणजे व्यास कापून कमी करायला, गेलात तर ती क्रॉस स्लाइडला अडेल. लांबीचंही तसंच. ३५० मिमी हे दोन उघड्या सेंटरांमधलं अंतर. चक बसवला, त्यात जॉब धरला, टेलस्टॉकला ड्रिल चक लावून त्यात लांब ड्रिल घातलं, की उरलेली जागा पाहून आश्चर्य वाटतं. याच लेथची आखूड बेडची आवृत्तीही मिळते. ती घेऊ नये असं मी म्हणते ते टर्निंगसाठी नव्हे, ड्रिलिंगसाठी. लांब जॉब घरी क्वचितच टर्न केला जातो, भोक मात्र जवळजवळ प्रत्येक जॉबला पाडावं लागतं.

मला ज्या आकड्याची चिंता होती तो माहितीपत्रकात तळाशी असतो: स्पिंडलचं भोक. या लेथचं २० मिमी. दुर्बिणीच्या आयपीसचे दोन प्रचलित व्यास आहेत, सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी आणि दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी. दोन्ही नळ्या या भोकातून जात नाहीत. लांब बार मागून आत सरकवायचा, पुढे हवा तेवढा बाहेर काढायचा, काम करून तोडून घ्यायचा, ही सोय २० मिमीच्या वर नाही. त्यापेक्षा जाड असेल तर आधी हॅक्सॉने तुकडा कापा, मग तो चकात धरा, एक बाजू करा, उलटा, पुन्हा ट्रू करा (मधोमध जुळवा). प्रत्येक तुकड्यामागे चकात धरायचा भाग वाया जातो, ही खरी किंमत.

मग मोठ्या भोकाचा लेथ का नाही घेतला? तुलना केली म्हणून. शर्लिनचा छोटा लेथ फार नीटनेटका आहे, त्याच्यासाठी जोडण्याही भरपूर मिळतात, पण त्याच्या स्पिंडलचं भोक दहा मिलिमीटरच्या जरासं वर आणि स्विंग ९० मिमी. घड्याळवाल्यांनी जरूर बघावा. मायफर्ड एमएल७, जो १९४६ साली बाजारात आला आणि ज्याच्याभोवती मॉडेल इंजिनिअरांच्या पिढ्या वाढल्या, त्याचं भोक १९/३२ इंच, म्हणजे जेमतेम १५ मिमी. माझ्या स्वस्त लेथपेक्षाही कमी! २५० मिमी स्विंगच्या वर्गात गेलं की साधारण २६ मिमी मिळतात, पण ३१.७५ च्या नळीला २६ आणि २० सारखेच निरुपयोगी. ३६-३८ मिमी हवं असेल तर मशीनचं वजन कित्येक पटींनी वाढतं, मग त्याला पाया लागतो, उचलायला चेन ब्लॉक लागतो, बऱ्याचदा थ्री फेज मोटर असते. म्हणजे भोकाचा प्रश्न माझ्या खोलीत मावणाऱ्या कुठल्याच लेथने सुटणार नव्हता. एवढं कळल्यावर निवड सोपी झाली. नळी बाहेरच्या बाजूने स्टेडी रेस्टमध्ये, म्हणजे बेडवर बसणाऱ्या कड्यासारख्या आधारात, टेकवायची आणि काम करायचं. म्हणून स्टेडी रेस्ट मी लेथबरोबरच घेतला, 'नंतर बघू' म्हटलं नाही.

या लेथची खरी दुबळी बाजू संथ गतीतली ताकद आहे, आणि ती माहितीपत्रकात कुठेच लिहिलेली नसते. ५०० वॅट वाचून बरं वाटतं. पण ते ५०० वॅट मोटर पूर्ण वेगात असताना. ही मोटर वेग कमी केला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवून देत नाही, टॉर्क तेवढाच ठेवते आणि ताकद घटवते. संथ गिअरमध्ये स्पिंडलचा सर्वाधिक वेग मिनिटाला ११०० फेरे धरला तर हिशेबाने सव्वाचार न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो, तोही गिअरमध्ये काही वाया जात नाही असं मानून. आता १०० मिमी व्यासाची माइल्ड स्टीलची चकती घ्या. हायस्पीड स्टीलच्या टूलने २५ मीटर प्रतिमिनिट कापायचं तर फेरे ऐंशी हवेत. एक मिमी खोल कट, ०.१ मिमी फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर), एवढ्याला टूलच्या टोकावर अंदाजे २५० ते ३०० न्यूटन बळ लागतं. अक्षापासून टूलचं अंतर ५० मिमी, म्हणजे तेरा-चौदा न्यूटन-मीटर हवेत. आहेत सव्वाचार. लेथ थांबणारच. कट पाव मिलिमीटरवर आणला की चालतो, कुरकुरत का होईना. तेच ३० मिमीच्या बारवर अर्ध्या मिमीचा कट आरामात निघतो, आणि ॲल्युमिनियमला बळच तिपटीने कमी लागत असल्यामुळे तिथे १०० मिमीची चकतीही त्रास देत नाही. माझे बहुतेक भाग ॲल्युमिनियमचे, पितळेचे आणि बारीक स्टीलचे. ज्याला बिडाची फ्लायव्हील टर्न करायची आहेत त्याने मात्र हा हिशेब लेथ घ्यायच्या आधी करावा.

जुन्या लेथना यासाठी बॅक गिअर असायचा. पट्ट्याचा वेग तसाच ठेवून मधल्या गिअरांमधून स्पिंडल पाच पटींहून अधिक संथ केला जातो, आणि टॉर्क त्याच प्रमाणात वाढतो. एमएल७ ची मोटर माझ्या मोटरपेक्षा जोरकस नाही, पण बॅक गिअर लावल्यावर ती जे ओढते ते या लेथला जमत नाही. नव्या लेथमध्ये ब्रशलेस मोटर आणि थेट पट्टा देतात. आवाज खूप कमी होतो, देखभालही कमी, पण विकत घेताना 'संथ गतीत टॉर्क किती' हे विचाराच. माझ्या लेथचा गिअरचा आवाज मात्र मोठा आहे. वेगवान गिअरमध्ये वरच्या फेऱ्यांवर बाजूच्या खोलीतल्या माणसाशी बोलता येत नाही.

आता आटे. इथे हा लेथ मला मनापासून आवडतो.

दुर्बिणीच्या कामात तीन-चार ठरावीक आटे पुन्हा पुन्हा येतात. सव्वा इंची फिल्टरचे एम२८.५ × ०.६ (मिमीत व्यास आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), दोन इंची फिल्टरचे एम४८ × ०.७५, कॅमेऱ्याच्या टी-रिंगचे एम४२ × ०.७५, आणि छोट्या कॅमेऱ्यांचं सी-माउंट, जे एक इंच व्यासाला इंचात ३२ आटे असं असतं. या मापाचे टॅप-डाय (आटे पाडायची तयार हत्यारं) शोधत बसण्यापेक्षा लेथवर आटे पाडणं शहाणपणाचं. माझ्या लीड स्क्रूचा, म्हणजे टूल लांबीला सरकवणाऱ्या स्क्रूचा, पिच १.५ मिमी. ०.७५ साठी स्पिंडल आणि लीड स्क्रूमध्ये एकास दोन, ०.६ साठी दोनास पाच. हे प्रमाण ठरवणारे चेंज गिअर बदलले की झालं. गिअर प्लास्टिकचे आहेत. यावर लोक नाक मुरडतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही. कॅरेज, म्हणजे टूल वाहून नेणारा भाग, कुठे आदळलंच तर आधी गिअरचा दात जातो, कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट वाचतो. शिवाय गिअर सुटे मिळतात.

सी-माउंटची गंमत वेगळी. इंचात ३२ म्हणजे ०.७९३७५ मिमी पिच. मेट्रिक लीड स्क्रूवर हे तंतोतंत आणायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण २५.४ च्या पटीत पहिला पूर्णांक १२७ आहे. एवढा मोठा गिअर या लेथच्या झाकणात मावत नाही. पण सोबत आलेल्या गिअरांतले ५५ आणि ६५, पुढे ५० आणि ८० अशी जोडी लावली तर पिच ०.७९३२७ येतो. चूक ०.०६ टक्के. चार मिलिमीटर लांबीच्या आट्यात, जेमतेम पाच फेऱ्यांत, एकूण फरक अडीच मायक्रॉनसुद्धा होत नाही. कॅमेरा नवीन रिंगवर असा फिरत गेला की हात सोडावासा वाटेना. लांब लीड स्क्रू करायचा असता तर ही तडजोड चालली नसती, हे खरं.

आटे पाडताना या लेथला एक मोठा फायदा आहे, जो मी कुठल्या माहितीपत्रकात वाचला नाही. याचा चक स्पिंडलच्या फ्लँजवर तीन नट-बोल्टांनी आवळलेला असतो. जुन्या लेथमध्ये चक स्पिंडलच्या नाकावरच्या आट्यांवर फिरवून बसवतात, त्यामुळे उलट फिरवून जोराचा कट घेतला तर चक सुटून येण्याचा धोका असतो. माझ्या लेथवर तो धोका नाही. आतले आटे अशा ठिकाणी पाडायचे असतात की पुढे भिंत आहे आणि टूल थांबवायला दीड-दोन मिलिमीटरच जागा आहे. तिथे मी बोरिंग टूल (भोकाच्या आतून कापणारं) उलटं लावते, स्पिंडल उलट फिरवते आणि आतून बाहेर कापत येते. टूल भिंतीपासून लांब जातं, आपटायची भीतीच संपते. आटे उजवेच निघतात. चक बदलताना त्या तीन नटांमध्ये पाना फिरवायला बोटभर जागा आहे आणि दर वेळी एक तरी नट बेडखाली घरंगळतो, ही त्याची दुसरी बाजू. वरच्या दर्जाच्या लेथमध्ये कॅम लॉक (चक झटपट बदलायची सोय) असतो. या वर्गात ती चैन नाही.

फार नाजूक आट्यांसाठी मोटरही नको असते. स्पिंडलच्या मागच्या भोकात बसेल असा एक गुटका टर्न केला, त्याला चिरा पाडल्या, मधून बोल्ट आणि कोन घालून तो फुगेल असं केलं आणि त्याला हँडल लावलं. प्लग काढून ठेवायचा आणि हाताने स्पिंडल फिरवत आटे पाडायचे. एक तासाचं काम, आणि ते या लेथवरचं माझं सर्वांत लाडकं उपकरण झालं आहे. मेट्रिक लीड स्क्रूवर थ्रेड डायल (हाफ नट पुन्हा नेमका कधी लावायचा ते दाखवणारी तबकडी) प्रत्येक पिचला चालत नाही, म्हणून आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट सोडायचाच नाही, टूल मागे घ्यायचं आणि स्पिंडल उलटा फिरवून परत यायचं. हँडल असलं की हे सहज होतं.

तक्रारींकडे वळू. पार्टिंग, म्हणजे जॉब बारपासून कापून वेगळा करणं, ही छोट्या लेथची परीक्षा असते आणि हा लेथ पहिल्या दिवशी त्यात सपशेल नापास झाला. टूल जॉबला लागलं की सगळं थरथरायचं, मग एकदम आत ओढलं जायचं. कारण शोधताना मी डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारं उपकरण) घेऊन बसले. गेजचं टोक टूलवर टेकवायचं, टूलवर हाताने दाब द्यायचा आणि काटा किती हलतो ते पाहायचं. मग गेज टूल धरणाऱ्या टूलपोस्टवर, मग त्याखालच्या, कोनात फिरवता येणाऱ्या कंपाउंडवर, मग क्रॉस स्लाइडवर, मग बेडवर सरकणाऱ्या सॅडलवर. एकूण हालचालीपैकी निम्म्याहून जास्त एकट्या कंपाउंडमध्ये होती. तिथले डव्हटेल (तिरप्या कडांचे सरकते खोबण) इवलेसे, गिब (त्यातला सैलपणा काढणारी पट्टी) पातळ, आणि वर टूलपोस्ट उंच. सॅडलमध्ये थोडी, स्पिंडलमध्ये जवळजवळ काहीच नाही.

म्हणून मी कंपाउंड काढून टाकला. त्याच्या जागी त्याच उंचीचा एक भरीव स्टीलचा ठोकळा बसवला, चार बोल्टांनी आवळला, आणि टूलपोस्ट थेट त्यावर. हौशी लोकांमध्ये हा उपाय जुना आहे. पार्टिंग त्यानंतर जमायला लागलं. टूल बरोबर सेंटर हाइटला (स्पिंडलच्या अक्षाच्या उंचीवर), ब्लेड शक्य तितकं आत, कट चकाच्या जवळ, फेरे कमी आणि फीड न घाबरता सलग. फीड चाचरत दिलं की टूल घासतं, घासलं की थरथरतं. कंपाउंड गेल्यामुळे छोटे टेपर करता येत नाहीत, पण ते काम वर्षातून एखाद्या वेळीच निघतं आणि कंपाउंड परत बसवायला फार वेळ लागत नाही. आटे पाडताना कंपाउंड साडेएकोणतीस अंशांवर फिरवून कट देण्याची पद्धत आहे, तीही गेली. ०.७५ पिचला सरळ कट देऊनही आटे स्वच्छ येतात.

मशीन पेटीतून आलं ते गंज रोखणाऱ्या चिकट ग्रीसमध्ये बुडालेलं. ते रॉकेलने धुऊन काढावंच लागतं, कारण त्यात बारीक घाण अडकलेली असते. सगळं उघडलं तर डव्हटेलच्या कडांना बर (धारदार कंगोरे), गिबच्या पट्ट्या ओबडधोबड, सॅडल बेडवर धरून ठेवणाऱ्या खालच्या पट्ट्या सैल. या खालच्या पट्ट्यांची रचना मला अजिबात पटलेली नाही. ढकलणारे स्क्रू आणि ओढणारे बोल्ट आळीपाळीने आवळत बसायचं, एका बाजूला बरोबर झालं की दुसरीकडे जाम. शेवटी पट्ट्या सपाट घासून शिम (पातळ पत्रे) घातले आणि स्क्रूंना रजा दिली. ज्यांना पेटी उघडून लगेच कामाला लागायचं आहे त्यांनी हा वर्ग टाळावा. हे अर्धवट जुळवलेलं मशीन असतं, उरलेलं अर्धं तुम्ही जुळवायचं.

ॲप्रनची, म्हणजे कॅरेजच्या पुढच्या लोंबत्या भागाची, मागची बाजू उघडी आहे, कीस थेट गिअरांत जातो. पत्र्याचं झाकण करून लावलं. टेलस्टॉक नटने आवळायचा, म्हणजे पाना सतत हाताशी हवा. काही आवृत्त्यांत लिव्हर येतो, तुम्हाला निवड असेल तर लिव्हरवालीच घ्या. टेलस्टॉक आडवा सरकवून सेंटर जुळवायचा असेल तर त्याचे बोल्ट खालून आहेत. सैल करायला टेलस्टॉक बेडवरून काढा, परत ठेवा, मोजा, पुन्हा काढा. ज्याने हे योजलं त्याने स्वतः कधी टेलस्टॉक जुळवला नसावा.

अचूकतेबद्दल. थ्री जॉ चकात धरलेला गोल बार ०.०६ ते ०.०८ मिमी आउट (केंद्राबाहेर) फिरतो. या दर्जाच्या चककडून एवढंच अपेक्षित असतं, आणि त्याने काही बिघडतही नाही, जोवर एकाच धरण्यात सगळे व्यास उरकता येतात. जॉब उलटायचा असेल आणि दोन्ही बाजू एका अक्षावर हव्या असतील तर फोर जॉ चक आणि डायल गेज. फोर जॉला लोक विनाकारण घाबरतात. समोरासमोरचे दोन जॉ, काट्याच्या निम्म्या फरकाने सरकवा, मग उरलेले दोन. हात बसला की पाच मिनिटांत काटा शंभरांश मिलिमीटरच्या आत येतो.

लेथ सरळ कापतो की नाही हे चक ठरवत नाही, हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) आणि बेड ठरवतात. त्याची चाचणी सोपी आहे. २५ मिमीचा बार चकात धरायचा, दीडशे मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवायच्या. टूलला ताजी धार, अगदी हलका कट, एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलर कापायच्या आणि मायक्रोमीटरने मोजायच्या. माझ्या लेथवर १२० मिमी अंतरात व्यासाला ०.०३ मिमीचा फरक आला, बाहेरचं टोक जाड. मग लेथचे पाय टेबलाला आवळलेले बोल्ट सैल केले आणि पुन्हा कापून पाहिलं, तर फरक निम्म्यावर आला. टेबल सपाट नव्हतं, बोल्टांनी बेड पिळला जात होता. पायांखाली शिम घालून उरलेला फरकही जवळजवळ गेला. एवढ्या आखूड, पातळ बेडला पीळ पडायला फार बळ लागत नाही. त्यामुळे हेडस्टॉकखाली शिम घालायच्या आधी टेबल तपासा.

स्पिंडलला ६२०६ जातीचे साधे बॉल बेअरिंग असतात. ते काढून ३०२०६ चे टेपर रोलर बसवा, असा सल्ला हमखास मिळतो. टेपर रोलरची जाडी सव्वासतरा मिमी, बॉल बेअरिंगची सोळा, त्यामुळे आतले स्पेसर तासावे लागतात. मी हे केलेलं नाही. लांब बार चकात धरून वर उचलला तर काटा फार तर एक-दीड शंभरांश हलतो. ज्या मशीनमध्ये कंपाउंड याच्या कित्येक पट डोलत होता तिथे आधी बेअरिंगला हात घालणं मला उलटं वाटतं. पुढे आवाज करायला लागले तर बदलेन.

हत्यारांबद्दल थोडक्यात. लेथवर जेवढे पैसे जातील जवळपास तेवढेच चक, टूल, ड्रिल, मायक्रोमीटर, डायल गेज, स्टेडी यांत जातात. हे आधीच धरून चाला, आणि दोन मशीनमध्ये अडलात तर स्वस्त मशीन आणि भरपूर हत्यारं हा पर्याय बरा. झटपट बदलायचा टूलपोस्ट पहिल्या महिन्यातच घ्या, सेंटर हाइटसाठी टूलखाली पट्ट्या सरकवत बसणं हा निव्वळ छळ आहे. कार्बाइडचे साधे इन्सर्ट (टूलवर बसवायची बदलती टोकं) जोराच्या कटासाठी बनवलेले असतात, त्यांची कड जरा बोथट असते, आणि छोट्या लेथला तेवढा जोर नसतो. ॲल्युमिनियमसाठीचे घासून धार दिलेले, चकचकीत इन्सर्ट घ्या, ते स्टीलवरही हलक्या कटाला सुरेख चालतात. ग्राइंडरवर हायस्पीड स्टीलला धार लावायला शिकलात तर मात्र इन्सर्टची फारशी गरजच उरत नाही.

लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंग एकातच असलेली तीन कामांची मशीनं मिळतात. जागा वाचते, पण एका कामाची मांडणी मोडल्याशिवाय दुसरं करता येत नाही. मला नकोत.

चकाची चावी चकात ठेवून हात सोडायचा नाही, ही एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. हातमोजे नाहीत, अंगठी नाही, सैल बाह्या नाहीत, वेणी घट्ट वर बांधलेली. लांब दोरीसारखा कीस निघाला तर हाताने ओढायचा नाही, लेथ थांबवून पकडीने काढायचा. वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होणार नाही असा स्विच हवाच. माझ्या लेथला तो आहे, नसेल तर बसवून घ्या.

जुना, जड लेथ मिळत असेल आणि ठेवायला जागा असेल तर तो नव्या छोट्या लेथपेक्षा आधी बघावा असं माझं मत आहे. मला मिळत होता, पण जिन्यावरून चढला नसता. बघायला जाताना डायल गेज आणि मीटरभर बार घेऊन जा. बेड सगळीकडे सारखा झिजत नाही, चकाजवळचा भाग सर्वांत जास्त झिजतो. कॅरेज चकाजवळ आणून त्याचे गिब हलके आवळा आणि मग ते टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झालं तर झीज किती आहे ते हातालाच कळतं. बार चकात धरून वर उचला, गेज किती हलतो पाहा. बॅक गिअर लावून हाताने पूर्ण फेरा फिरवा आणि तुटका दात शोधा. क्रॉस स्लाइडच्या हँडलचा प्ले (सैलपणा) जास्त असला तरी घाबरू नका, नट बदलता येतो. चेंज गिअर मोजून घ्या, हरवलेला एकेक गिअर शोधणं फार महागात पडतं. मोटर थ्री फेज असेल तर व्हीएफडी (मोटरचा वीजपुरवठा बदलून देणारं उपकरण) लावून घरच्या सिंगल फेजवर चालवता येते, वर वेगही कमीजास्त करता येतो, तेव्हा त्या एका कारणासाठी चांगला लेथ सोडू नका. आणि विकणारा मशीन चालू करून एक कट घेऊ देत नसेल, तर तिथून निघा.